टिकल्यांच्या कांड्या

माझ्या शिक्षकी पेशातलं सगळ्यात मोठं पाप मी टिकलीच्या बंदुकीने केलं. पाप करताना माझ्या गळ्यात शिटी होती, डोक्यावर पांढरी टोपी होती आणि अख्ख्या तालुक्याच्या शाळा मैदानाभोवती बसलेल्या होत्या.

खरं तर मी शिकवते विज्ञान. पण आमच्यासारख्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खेळाचा शिक्षक वेगळा नसतो. ज्याच्या गळ्यात शिटी पडली तो खेळाचा शिक्षक. माझ्या गळ्यात ती पडली, कारण मी रुजू झाले त्या दिवशी साऱ्या शाळेत बूट घालून आलेली मी एकटीच होते. शाळा गोसीखुर्दच्या धरणात बुडालेल्या एका गावाची. गाव नव्या जागी उठून आलं, तेव्हा रस्ते सरळ मिळाले, घरं रांगेत मिळाली आणि शाळेला मैदान मिळालं, चांगलं लांबरुंद. मी पवनीहून रोज स्कुटीने जाते-येते. पवनीत आमचं घर विणकरांच्या मोहल्ल्यात आहे, आणि बाबांच्या हातमागाची खटखट ऐकतच मी मोठी झाले.

तर बंदूक. तालुक्याच्या स्पर्धांत पूर्वी शर्यत सोडायला दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटत. शंभर मीटरवर उभ्या असलेल्या पंचाला तो आवाज शेजारच्या शेतात धान झोडपल्यासारखा वाटे, आणि दर शर्यतीला भांडणं होत. मला भांडणं सहन होत नाहीत, म्हणजे दुसऱ्यांची. म्हणून एका दिवाळीत मी बाजारातून टिकलीची बंदूक घेतली. पत्र्याची नव्हे, चांगली वजनदार लोखंडी. तिच्या पोटात एक छोटी खोली असते, त्या खोलीत लाल कागदाची रीळ बसते, आणि कागदावर ओळीने दारूच्या टिकल्या असतात. घोडा ओढला की कागद एक घर वर सरकतो आणि हातोडी टिकलीवर पडते. बंदूक माझी, म्हणून शर्यती सोडायचं कामही माझ्याच गळ्यात आलं. शिटी होतीच तिथे.

आमच्या शाळेत तेव्हा सहावीत एक पोरगी होती. बाप धरणाच्या पाण्यात मासे धरायचा, आई बाजाराला न्यायची. ही भातशेताच्या धुऱ्यांवरून, म्हणजे जेमतेम पाऊलभर रुंदीच्या बांधांवरून, अशी पळायची की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. सपाट मैदान तिला कोणीतरी फुकट दिल्यासारखं वाटायचं. शाळा सुटली की मी तिला शंभर मीटर पळवायची. मला पळवण्यातलं काही कळत नाही, पण एवढं कळत होतं की शंभर मीटरची अर्धी शर्यत सुटण्यातच असते. म्हणून आम्ही फक्त सुटायचा सराव करायचो. दिवसाला तीस-चाळीस वेळा.

आता तीस-चाळीस टिकल्या रोज कुठून आणायच्या? दिवाळी झाली की दुकानदार रिळा माळ्यावर टाकून देतो. शिवाय त्या मेल्या अडकत किती! चारदा वाजली की पाचव्यांदा कागद फाटणार, सहाव्यांदा रीळ फिरणार नाही. मी कंटाळले आणि बंदूक रिकामीच वापरायला लागले. "ऑन युवर मार्क, सेट," म्हणायचं आणि घोडा ओढायचा. हातोडी लोखंडावर पडे, टिक. टिक झालं की ती सुटे. महिन्याभरात अशी तयार झाली की माझं बोट आणि तिचा पाय एकाच दोरीला बांधलेत असं वाटावं. मी स्वतःवर भारी खूश होते.

तालुक्याच्या मैदानावर मी रीळ घालून बंदूक वर केली. चुन्याच्या फक्कीच्या रेषेवर आठ मुली वाकलेल्या. "सेट." घोडा ओढला. रीळ आत अडकली, हातोडी कोऱ्या कागदावर पडली.

टिक.

सात मुली जागच्या हलल्या नाहीत. आमची सुटली. एकटी. मागे बघितलं नाही, बाजूला बघितलं नाही, शंभर मीटर पुरे धावली, फीत छातीने तोडली आणि दोन्ही हात वर केले. सारं मैदान खो-खो हसलं. ती तशीच हात वर करून उभी, आणि मग हळूहळू तिला कळत गेलं. पंचांनी सांगितलं, आवाजाआधी निघाली, बाद.

मी दोन वाक्यं बोलायला हवी होती. एक, बंदूक माझी फसली. दोन, हिला टिकवर निघायला मीच शिकवलं. मी एकही बोलले नाही. मांडवात शिक्षण खात्याचे साहेब बसलेले, बाजूला दुसऱ्या शाळांचे मास्तर हसत होते, आणि मला माझीच लाज झाकायची होती. मी मान खाली घालून रीळ मोकळी केली, दुसऱ्यांदा बंदूक ठोकन वाजली, सात मुली धावल्या. आमची माझ्या मागे फक्कीच्या पोत्यावर बसून होती. परत येताना टेम्पोत ती एवढंच म्हणाली, "मॅडम, मी लवकर निघाली का?" आणि मी खिडकीबाहेर बघितलं. ते आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या वर्षी ती सातवीत आली. पळत होती पहिल्यासारखीच, पण सुटणं गेलं. बंदूक वर केली की ती रेषेकडे न बघता माझ्या हाताकडे बघे. आवाज झाला तरी आधी शेजारणीकडे बघायची, ती निघाली याची खात्री करायची, मग निघायची. शंभर मीटरमध्ये एवढ्यात शर्यत संपते. सातवीनंतर आमची शाळा संपते, ती दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जाणार. म्हणजे मी बिघडवलेलं दुरुस्त करायला माझ्याकडे हा एकच हिवाळा होता. ठरवलं, आता प्रत्येक सराव खऱ्या आवाजाचा. आणि आवाज एकदाही चुकायचा नाही, कारण एक टिक आणखी झालं असतं तर तिने कायमचं माझ्या हाताकडे बघत बसणं पत्करलं असतं.

दिवाळीत रिळांचा डबाच उचलून आणला. घरी ओसरीवर बसून एकेक घालून बघायला लागले. ठो, ठो, टिक, ठो, फर्र. कागद फाटला. ठो, टिक, टिक. मी शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही.

बाबा पलीकडे बसून मोबाईलच्या चार्जरची गुंतलेली वायर सोडवत होते. गुडघ्यांनी त्यांना माग सोडायला लावला त्याला आता चार वर्षं झाली, पण हातांना ते कोणी सांगितलेलं नाही. घरात गुंतलेलं काही दिसलं की ते उचलतात. गुंतलेलं नसेल तर आईचं म्हणणं असं की ते आधी गुंतवतात.

"काय करून राहिली वं?" त्यांनी विचारलं.

मी बंदुकीचं सांगितलं. पोरीचं अर्धंच सांगितलं, म्हणजे ती बाद झाली एवढंच.

"दे इकडे."

त्यांनी बंदूक उघडली, चष्मा कपाळावर सरकवून आत बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला जसा मी कित्येक दिवसांत बघितला नव्हता. "हे तं धोटा आहे वं!"

धोटा म्हणजे मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, मधून इकडून तिकडे धावणारं लाकडी होडकं. त्याच्या पोटात सुताची कांडी बसते, आणि धोटा धावतो तसं सूत सुटत जातं. कांडी घट्ट भरली की सूत तुटतं. सैल भरली की वेटोळी ढासळून गुंता होतो. बाबांनी लहानपणी आधी कांड्या भरल्या आणि मग माग धरला. मोहल्ल्यात साऱ्यांचं शिक्षण असंच सुरू होतं. त्यांनी एक रीळ बोटांत दाबून बघितली. "कारखान्यातून करकचून भरून आली आहे. फिरन कशी? हे भरनाराले कांडी भरता येत नाई."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर अंगणात लाल कागदाच्या पट्ट्या दोरीवर वाळत होत्या. बाबांनी विचार केला होता की कागद फाटतो म्हणजे तो कच्चा आहे, आणि कच्च्या सुताला विणकर काय करतो? खळ देतो. त्यांनी तांदळाची पेज पातळ करून, गाळून, ब्रशने प्रत्येक पट्टीला दोन्ही अंगांनी खळ दिली होती. पट्ट्या पापडासारख्या कडक झाल्या होत्या. बाबांनी एक गुंडाळून बंदुकीत घातली. काय सुरेख सरकली! न अडकता, न फाटता, घड्याळाच्या काट्यासारखी. टिक, टिक, टिक, टिक. एकही वाजली नाही.

आई दारात उभी होती. "अजी," ती म्हणाली, "साडीले खळ देतेत, फटाक्याले नाई. दारू भिजली ना सारी."

बाबांनी पट्टी आणखी एकदा सरकवून बघितली. मग म्हणाले, "पन सरकली भल्ली!" आई इतकी हसली की तिला ओसरीच्या खांबाला धरावं लागलं. मग मी हसले, मग तेही. आमच्या घरात अजून कुठली गोष्ट सुरळीत होऊनही निकामी ठरली, की तिला खळ दिलेली टिकली म्हणतात.

यानंतर मात्र ते इरेला पेटले. रिळा सोडून त्या एका बारीक खिळ्यावर हाताने परत भरायला लागले, ना घट्ट ना सैल, अंगठ्याच्या एकाच दाबाने. फाटणं थांबलं. अडकणं थांबलं. तरी सात-आठ वाजल्या की एक टिक यायचंच. मला वाटलं टिकली सर्दावली असेल. बाबांना पटेना. त्यांनी एका सुताला सारख्या अंतरावर गाठी मारल्या, ते सूत ओसरीवर ताणलं आणि शेजारी टिकल्यांची पट्टी ठेवली. मला हाक मारली.

"पाह्य. ह्या गाठी म्हणजे बंदुकीचं पाऊल. आता टिकल्या पाह्य."

पहिली टिकली पहिल्या गाठीशी बरोबर. दुसरी गाठीच्या केसभर पुढे. तिसरी आणखी जराशी. सहावीपर्यंत हातोडीला टिकलीची कड तरी सापडत होती, आठवीपाशी गाठ सरळ दोन टिकल्यांच्या मधल्या कोऱ्या कागदावर येत होती. बंदूक दर वेळी ठरलेलं पाऊल टाकते, टिकल्या मात्र छापताना थोड्या लांब-लांब पडलेल्या. मी विज्ञान शिकवते. माझ्या पिशवीत मोजपट्टी असते. वर्षभर मी त्या बंदुकीला शिव्या देत होते, आणि सातवी पास माणसाने सुताच्या गाठींनी तिची चूक पकडली. मला एवढा आनंद झाला की मी त्यांना चहा करून दिला, जो मी सहसा करत नाही.

इलाज सोपा होता. "लहान कांडी भरू," बाबा म्हणाले. "पाचची. एक शर्यतीले, चार हाताशी. मंग नवीन कांडी." प्रत्येक कांडीच्या तोंडाशी ते दोन बोटं कोरा कागद राखत, आणि पहिली टिकली हातोडीखाली नेमकी मधोमध येईल अशी खूण पेन्सिलीने करत. भरलेल्या कांड्या स्टीलच्या डब्यात उभ्या रचत. डबा दुपारी उन्हात, संध्याकाळी तांदळाच्या कोठीत, दमट हवा लागू नये म्हणून. प्रत्येक खेपेतली एक कांडी गच्चीवर वाजवून बघितल्याशिवाय माझ्या हातात देत नसत. समोरच्या काकू रोज ओरडत, "काहो, तुमची दिवाळी सरतच नाई का?" आणि बाबा वरून म्हणत, "तालुक्याचं काम आहे, बाई!"

मी डबा शाळेत नेऊ लागले. पहिल्या दिवशी पोरगी आवाजानंतर शेजारणीकडे बघून निघाली. दुसऱ्या आठवड्यातही तेच. पण आवाज मात्र एकदाही चुकला नाही. शेजारच्या शेतात धानाच्या पुंजण्यावर, म्हणजे कापून रचलेल्या ढिगावर, बसलेले बगळे सुरुवातीला प्रत्येक बाराला उडायचे, मग त्यांनीही नाद सोडला. एक दिवस बाबा म्हणाले, मी येतो, माझ्या कांड्या कशा चालतात ते बघू दे. स्कुटीवर मागे डबा मांडीत धरून आले. त्यांनी पोरीला तीनदा सुटताना बघितलं आणि मला विचारलं, "हे पोट्टी तुह्या हाताकडे काहून पाह्यते?"

मी बंदुकीत नवी कांडी घालू लागले. ते सावकाश तिच्याजवळ गेले, डबा उघडून तिला कांड्या दाखवल्या, एक तिच्या तळहातावर ठेवली.

"हे मी भरलं आहे," ते म्हणाले. "आवाज येनारच. तू त्याची काळजी नको करू. तू आपली समोर पाह्य."

तिने कांडी उलटसुलट करून बघितली. "सारेच्या सारे वाजतेत, आजोबा?"

"चाळीस वर्षं कांड्या भरल्या, पोरी. मागावर सूत तुटू देलं नाई. हे तं कागद आहे."

त्या दिवशी शेवटच्या खेपेला तिने माझ्याकडे बघितलं नाही. ठो झालं आणि ती गेली. मी तिथेच बंदूक हातात धरून नाचले, म्हणजे मला वाटतं नाचले. बाबांनी घरी जाऊन आईला करून दाखवलं ते फारच वाईट दिसत होतं.

तालुक्याच्या स्पर्धेच्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. गवतावर चालताना बूट ओले होत होते. बाबा एसटीने आले, डबा पोटाशी, वर स्वेटर, वर शाल. मला एकेका शर्यतीला एकेक कांडी काढून देत होते, आपल्या अंगाच्या उबेतली. मुलांची, मुलींची, लहान गट, मोठा गट, एकही टिक नाही. दुसऱ्या शाळांचे मास्तर येऊन बंदूक बघून जाऊ लागले.

मग मुलींच्या शंभर मीटरची पाळी आली, आणि बाबांनी पुढे केलेली कांडी मी घेतली नाही. बंदुकीची भीती नव्हती. मला कळलं होतं की आज आवाज झाला, ती जिंकली, तरी माझं पाप तसंच राहणार. मी रेषेकडे जायचं सोडून मांडवात गेले आणि साहेबांपुढचा माईक उचलला.

"गेल्या वर्षी या शर्यतीत एक मुलगी बाद झाली. ती लवकर निघाली नव्हती. माझी बंदूक वाजली नव्हती. आणि रिकाम्या बंदुकीच्या आवाजावर निघायला तिला मीच शिकवलं होतं. आज बंदूक फसली तर सगळ्यांना परत बोलवा, कोणालाही बाद करू नका, एवढं माझं म्हणणं आहे."

पंच तेच होते, गेल्या वर्षीचे. त्यांनी माझ्याकडे टोपीखालून बघितलं. "मॅडम, हे सांगाले वर्ष लागलं तुम्हाले?" कोणीतरी हसलं. मीही हसले, डोळे पुसत. "नियम मंजूर," ते म्हणाले. "जा, सोडा शर्यत."

रेषेवर आठ मुली. आमची तिसऱ्या पट्ट्यात, अनवाणी. माईक साऱ्या मैदानाने ऐकला होता, तिनेही. मला तिच्याकडे बघवेना. बाबांनी कांडी दिली, मी ती घातली, खूण मधोमध आणली, हात वर केला.

"ऑन युवर मार्क. सेट."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मान खाली, नजर पुढे.

ठो.

शर्यत सोडणाऱ्याला शर्यत कधीच नीट दिसत नाही. आठ पाठी दिसतात, त्या लहान होत जातात, आणि मग पलीकडच्या टोकाला ओरडा होतो. कोण पहिलं आलं ते सगळ्यात शेवटी आपल्याला कळतं. मी टाचा उंचावून बघत होते. बाबा शर्यत बघतच नव्हते. त्यांनी बंदुकीतून वर आलेला जळका कागद चिमटीत धरला होता. "पाह्य," ते म्हणाले, "अगदी मधोमध लागली."

"बाबा, कोण आलं?"

"मले काय माहीत? मी कांडी पाहून राहिलो."

तेवढ्यात ती पट्ट्यातून परत माझ्याकडे धावत आली. धापा टाकत, पायांना फक्की लागलेली, तोंडभर हसू.

"पहिली?" मी विचारलं.

"पहिली, मॅडम!"

मी तिला जवळ घेतलं आणि जे टेम्पोत बोलायचं होतं ते आता बोलले. तू लवकर निघाली नव्हतीस. चूक माझी होती. तिने माझ्या कुशीतून डोकं बाहेर काढलं.

"मले माहीत होतं, मॅडम. टिक तं झालीच होती." मग जरा थांबून म्हणाली, "मागल्या वर्षी बी मीच पहिली आली होती. कोनी मोजलं नाई, एवढंच."

मी तिला पुन्हा कुशीत ओढलं. बाबांनी बंदूक उघडून बघितली, बंद केली आणि माझ्या हातात दिली.

"कांडीत चार आहेत अजून," ते म्हणाले. "एक मागच्या वर्षाची वाजव."

मी पंचांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघायला लागले, मुद्दाम. मी हात वर केला आणि घोडा ओढला.

ठो झालं, आणि पोरगी माझ्या हातातून निसटली. हिवाळाभराची सवय. मोकळ्या पट्ट्यातून ती पुन्हा सुसाट निघाली, एकटीच, शंभर मीटर, आणि सारं मैदान उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. तिला परत बोलवायला शिटी माझ्या गळ्यात होती. मी वाजवली नाही.